ऐकलेला धूर

फोन वाजला तेव्हा मी खिडकीत उभा राहून चष्मा पुसत होतो. उचलला, तर पलीकडून कुणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि तोही नेहमीच्या माणसाच्या श्वासासारखा नाही. एखाद्या अरुंद नळीतून हवा आतबाहेर व्हावी तसा, कोरडा, शिट्टीच्या अगदी जवळ जाऊन परतणारा. मी दोनदा 'हॅलो' म्हणालो. माझा 'हॅलो' तसाही कुणाला फारसा ऐकू जात नाही. मग टक टक असा आवाज आला, फोनवर कुणी नखानं वाजवावं तसा, आणि मी घाईघाईनं फोन ठेवून दिला. आतून बायकोनं विचारलं, कोण होतं. बहुधा राँग नंबर, मी म्हणालो. बहुधा म्हणजे काय, ती म्हणाली, राँग असतो नाहीतर राईट असतो. तिचं म्हणणं बरोबर आहे. पण मला आयुष्यात कुठलीही गोष्ट अर्धी पाऊलवाट मोकळी ठेवल्याशिवाय सांगता आलेली नाही. लग्न ठरताना मुलगी पसंत आहे का असं विचारलं तेव्हाही मी हाच शब्द उच्चारला होता, आणि ती गोष्ट तिनं माझ्या सगळ्या नातेवाइकांना, मग सगळ्या शेजाऱ्यांना, आणि पुढे आमच्या मुलीलाही सांगितली. फोन पुन्हा वाजला. पुन्हा तो श्वास, पुन्हा टक टक. या वेळी मी फोन ठेवला नाही. माझा हात ठेवायला गेला होता, पण मनगटात काहीतरी अडलं. हे दोन ठोके मला ठाऊक होते. कुठून ठाऊक होते ते लगेच आठवेना. आठवलं ते आधी नाकाला. जळक्या रबराचा वास, त्यावर डिझेल, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, जे काय असायचं ते आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.

एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे ये, मागे ये. सैन्यात असताना आमच्या तळावर ट्रक मागे घेताना मागचा माणूस ट्रकच्या फळीवर असे ठोके मारायचा आणि ड्रायव्हर त्यावर भरवसा ठेवून चाकं फिरवायचा. पण खड्ड्यापाशी ते चालायचं नाही. खड्डा तळाच्या मागच्या बाजूला होता, एखादं घर सहज मावेल एवढा, आणि तळावर जे जे नकोसं होई ते सगळं त्यात जाई: फाटके टायर, रंगाचे डबे, बॅटऱ्या, प्लॅस्टिकची पिंपं, स्वयंपाकघरातलं उष्टं, दवाखान्यातल्या पट्ट्या. वर डिझेल ओतायचं आणि पेटवायचं. तो विझलेला मी पाहिला असेल तो क्वचितच. जाळ आणि इंजिन मिळून इतका आवाज व्हायचा की फळीवरचे ठोके ड्रायव्हरला ऐकू जात नसत, आणि धुरामुळे त्याला आरशात काही दिसत नसे. आमच्या आधीच्या तुकडीचा एक ट्रक असाच मागे जात जात आत गेला होता. म्हणून मग साहेबांनी हजेरीच्या रांगेत सगळ्यांना एकेकदा ओरडून 'हजर' म्हणायला लावलं आणि ज्याचा आवाज सर्वांत मोठा त्याला खड्ड्याच्या काठावर उभं केलं. मोठा आवाज निघाला आमच्यातल्या भोंग्याचा. त्याचं नाव तेव्हाच पडलं की आधीपासून होतं, मला सांगता येणार नाही. माझं मात्र तळावरच पडलं. कोठारात कुणीही येऊन काही मागितलं की मी म्हणायचो, बहुधा असेल. म्हणून मी बहुधा. भोंगा आणि बहुधा. एक बोलला की मैदानापलीकडच्या टेकडीवर ऐकू जायचं आणि दुसरा बोलला की समोरच्यालाही नाही, आणि तरी आमची दोस्ती का जमली असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. बहुधा त्याला ऐकणारा हवा होता.

पलीकडे फोन भोंग्याच्या सुनेनं त्याच्या हातून घेतला. काका, ती म्हणाली, तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं, बाबांची घशाची पेटी काढली. कॅन्सर होता. आता आवाज नाही. तुम्ही येऊन जाल का, ते सारखे फोन मागताहेत, मी म्हटलं बाबा, फोन घेऊन करणार काय तुम्ही, तर ऐकत नाहीत. मी 'येतो' म्हणालो. फोन ठेवल्यावर बायकोला सांगायला गेलो आणि सांगता येईना, कारण घसा दाटून आला असं म्हणावं तर तेसुद्धा त्या क्षणी मला चोरीचं वाटलं. दाटून यायला माझ्याकडे घसा होता.

तो गॅलरीत खुर्चीवर बसला होता. गळ्याला पांढरं मऊ कापड, बाळाला लाळेरं बांधतात तसं, आणि त्याच्या आडून तो श्वास घेत होता. मांडीवर नातीची पाटी. मला पाहून त्याचं तोंड उघडलं आणि जे व्हायचं ते झालं नाही. तेवढ्या एका क्षणात मला सगळा तळ पुन्हा ऐकू आला आणि लगेच बंद झाला. मग त्यानं पाटीवर लिहिलं, 'म्हातारा झालास.' अक्षरं पाटीभर. तो लिहायचाही ओरडूनच. मी म्हणालो, तूही. त्यानं पुसलं आणि लिहिलं, 'मी वर्षभरात. तू जन्मतः.' सून हसली, मीही हसलो, आणि त्याचंही हसू झालं, म्हणजे खांदे हलले आणि गळ्यावरचं कापड फडफडलं. हसण्याचा आवाज कापडातून येतो हे मला सवयीचं व्हायला हवं होतं, पण मी नजर वळवली आणि गॅलरीतल्या दोरीवरचे चिमटे पाहत बसलो. मग हळूहळू, थोडं पाटीवरून आणि थोडं सुनेकडून, मला सगळं कळलं. इस्पितळात पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, तंबाखू किती वर्षं. थेट किती वर्षं; खाता का, ओढता का, असं नाही. त्यानं नाही म्हणून मान हलवली तरी त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि नंतर त्या कागदाच्या मागे सगळे चालत गेले. शेजारी भेटायला येत आणि जिन्यात उतरताना म्हणत, भोवली शेवटी. त्याचा मुलगा चांगला आहे, वडिलांचं सगळं हातानं करतो, पण तोही एकदा बोलून गेला की बाबा, आता काय लपवायचं, सैन्यात कोण ओढत नाही. त्या दिवशी भोंग्यानं पाटी फोडली होती. ही दुसरी होती. खरं सांगायचं तर तळावर सिगारेटी वाटल्या जायच्या आणि तो आपल्या वाट्याच्या ड्रायव्हरांना देऊन टाकायचा, कारण गळा बिघडेल म्हणून. गळा जपायचा तो. सकाळी कोमट पाण्यानं गुळण्या करायचा. आम्ही चेष्टा करायचो की गवई झालाय.

आता बोर्ड बसणार होतं. सैन्याचं वैद्यकीय मंडळ, जे ठरवणार होतं की हा आजार नोकरीतल्या धुरानं झाला की नाही. झाला असं ठरलं तर पुढचे उपचार सैन्याच्या मोठ्या इस्पितळात होणार होते, कारण गाठ गळ्यात आणखी एका ठिकाणी दिसत होती आणि बाहेरच्या इस्पितळानं हात टेकले होते. नाही ठरलं तर घरी. घरी म्हणजे काय, ते सुनेनं सांगितलं नाही, ती चहाचे कप गोळा करायला उठली. तळ तर कधीच उठला होता. खड्डा बुजवला होता, खड्डा होता याचा कुठे उल्लेख नव्हता. बोर्डाला हवा होता तिथे असलेला माणूस. बाकीच्यांपैकी काही गेले, काहींचा पत्ता नाही, एकाचा पत्ता होता पण तो आता आपल्या बायकोलाही ओळखत नव्हता. उरलो मी. भोंग्यानं लिहिलं, 'तू बोल.' मी म्हणालो, अरे, मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. त्यानं ते पुसलं, सावकाश, शर्टाच्या बाहीनं, आणि लिहिलं, 'मलाही.'

मी वाचू लागलो. दुसरं मला काय येतं? सैन्यातून सुटल्यावर पुढची सगळी नोकरी मी एका ग्रंथालयात केली, पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवण्यात, आणि तिथल्या बाई अजून मला ओळखतात. त्यांनी मला आतल्या टेबलावर बसू दिलं. रबर जळलं की काय निघतं, प्लॅस्टिक जळलं की काय, ते घशाच्या आतल्या नाजूक कातडीवर कसं बसतं, यावर पुष्कळ लिहिलेलं होतं. पण वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की ही सगळी शहाणी माणसं माझ्यासारखीच बोलतात. संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही. अधिक अभ्यासाची गरज आहे. असे दिसते. असे वाटते. जन्मभर मला पुस्तकं का आवडली ते त्या दिवशी कळलं, आणि त्या दिवशी प्रथमच मला त्यांचा राग आला. त्या कागदांतून एखादं तरी वाक्य मी उपटून नेऊ शकलो असतो तर. घरी आलो की बायको माझी तयारी करून घ्यायची. ती साहेब व्हायची, हातात लाटणं धरून. धूर होता का? होता, मी म्हणायचो, म्हणजे असायचा, वारा ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे... अहो, होता म्हणा आणि गप्प बसा. धूर होता का? होता. माणूस धुरात उभा होता का? होता. रोज? जवळजवळ... अहो. रोज, मी म्हणालो. शाब्बास, ती म्हणाली, आता हेच करायचं, आणि लाटणं घेऊन आत गेली. मी आरशासमोर जाऊन तोंड उघडलं आणि घशात पाहिलं. काही नव्हतं. ते लाल, ओलं, शाबूत काहीतरी, ज्याचा मी इतकी वर्षं काही उपयोग केला नव्हता.

एक गोष्ट मात्र पुस्तकात मिळणार नव्हती आणि ती मला माहीत होती. खड्ड्यावर काम करणारे बाकीचे लोक ओलं फडकं नाकातोंडावर बांधत. भोंगाही पहिले काही दिवस बांधायचा. मग एकदा फडक्यातून त्याचा शब्द ड्रायव्हरला नीट कळला नाही आणि मागचं चाक काठावरून अर्धं खाली गेलं. त्यानंतर त्यानं फडकं हनुवटीवर ओढून घेतलं ते कायमचं. धुराच्या बाजूलाच उभं राहावं लागे, कारण ट्रकची वाट त्याच बाजूनं होती. आणि उघड्या तोंडानं, पोट भरून श्वास घेऊन ओरडावं लागे. ये, ये, ये, ये, थांब. तो 'थांब' असा यायचा की कोठारातल्या पत्र्यावर मला तो हाताला लागायचा. मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, बंद पत्र्याच्या आत, कंदिलाच्या काचा मोजत बसलेला. मधे तो खोकायचा, थुंकायचा, काळं, हे तो स्वतःच रात्रीच्या जेवणाला सांगायचा, आज काय काळं निघालं म्हणून, आणि आम्ही हसायचो. आवाज मोठा म्हणून त्याला तिथे उभा केला आणि आवाजासाठी त्यानं तोंड उघडं ठेवलं. हे एवढंच सांगायचं होतं. हे कुणालाही कळेल. मी ते बसमध्ये मनात म्हणत गेलो, जिन्यात म्हणत चढलो.

बोर्डाच्या बाहेर एक लांब बाक होतं आणि फरशी पुसल्याचा औषधी वास. भोंगा इस्त्रीचा शर्ट घालून, बुटांना पॉलिश करून आला होता. ताठ बसला होता, पाटी पिशवीत. सून त्याच्या शेजारी. आत मला एकट्यालाच बोलावलं. तिघं होते. मधले वयस्कर गृहस्थ, कडेला टिपून घेणारी एक बाई, आणि गणवेशातला एक तरुण डॉक्टर, ज्याला सर्दी झाली होती आणि जो दर वेळी रुमाल काढताना माझी माफी मागत होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण कुणी माझ्यावर खेकसलं नाही. खेकसले असते तर कदाचित मी... पण तेही मला खात्रीनं म्हणता येणार नाही. डॉक्टरनं विचारलं, तुम्ही तळावर कुठे असायचात. कोठारात, मी म्हणालो. कोठारातून खड्डा दिसायचा का? दिसायचा, धूर नसला की. आणि धूर असताना? तेव्हा नाही दिसायचा. त्यानं मान डोलावली, अगदी सहानुभूतीनं, आणि नाक पुसलं.

"मग अर्जदारांना धुरात उभं असलेलं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत का?"

खोलीत पंखा फिरत होता. मला बायकोचं लाटणं दिसलं. होता म्हणा आणि गप्प बसा. पण त्यानं 'पाहिलंत का' असं विचारलं होतं, आणि मी डोळे मिटून पाहू लागलो, खरंच, प्रामाणिकपणे, आठवणीत त्या काठाकडे पाहू लागलो. तिथे काळा पडदा होता, जमिनीपासून वरपर्यंत, आणि त्यात माणूस नव्हता. मी पुष्कळ शोधला. नव्हता.

"पाहिलं असं नाही," मी म्हणालो. "ऐकलं."

ऐकलंत, डॉक्टर म्हणाला. काय ऐकलंत? मला वाटलं आता ही वेळ आहे. त्यांना नुसतं सांगून कळणार नाही, त्यांना तो 'थांब' ओरडून दाखवला पाहिजे, म्हणजे मग त्यांना आपोआप कळेल की असं ओरडायला किती श्वास आत घ्यावा लागतो आणि त्या श्वासात काय काय असतं. मी छाती भरून घेतली. तोंड उघडलं. "थांब," मी म्हणालो. तो शब्द असा निघाला, जसा मी वाढणाऱ्याला भात पुरे म्हणून सांगतो. मधल्या गृहस्थांनी वर पाहिलं. काय म्हणालात? काही नाही, मी म्हणालो. बाईनं काहीतरी टिपलं. बहुधा तेच, 'काही नाही'. तोंडावरच्या फडक्याचं सांगायचं होतं, ते माझ्या जिभेवर होतं, पण डॉक्टरनं शिंक आवरत म्हटलं की तुम्ही या वयात इतक्या लांब आलात, आभारी आहोत, आणि मी आभाराला उत्तर म्हणून उठून उभा राहिलो. कुणी आभार मानले की मला जागा सोडावीशी वाटते. दारापर्यंत पोचलो तेव्हा मागे ते पुढचं नाव वाचत होते.

पाण्याच्या नळापाशी ते सुचलं. पेला अर्धा भरला होता. तो दिसत नव्हता, कारण तो धुरात होता. धुराबाहेर असता तर दिसला असता. याहून साधं काय असतं? शाळेतल्या पोराला कळलं असतं. माझ्या डोळ्यांनी दिलेली साक्ष हीच होती की डोळ्यांना काही दिसलं नाही. पेला तसाच ठेवून मी परत दाराशी गेलो. शिपायानं हात आडवा केला. झालं ना तुमचं? एकच वाक्य राहिलंय, मी म्हणालो, एकच. तो माझ्या मुलीच्या वयाचा असेल, कदाचित थोडा मोठा. सगळ्यांचं एकच वाक्य राहिलेलं असतं, आजोबा, तो म्हणाला, आणि ते हसून म्हणाला नाही. मग लिहून देतो, म्हणालो. आता काही घेत नाहीत, दुसरी केस आत गेली. मी दाराकडे पाहत राहिलो. आवाज चढवला असता तर आत ऐकू गेलं असतं; दार पातळ होतं, आतल्या शिंका बाहेर येत होत्या. मी आवाज चढवला नाही. चढवायचा कसा असतो, हेच ज्याच्याकडून शिकायचं तो बाकावर बसून माझी वाट पाहत होता.

मी जवळ गेलो तसा तो उभा राहिला. सून म्हणाली, काय झालं काका, नीट झालं का? भोंगा काही लिहीत नव्हता, पिशवीत हातही घातला नव्हता. नुसता माझ्या तोंडाकडे पाहत होता, जसे ड्रायव्हर आरशात पाहायचे. त्या पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहून मला ते वाक्य उच्चारता येईना, जे आत सांगायला हवं होतं आणि बाहेर सांगून काही उपयोग नव्हता.

"सांगितलं सगळं," मी म्हणालो. "होणार. नक्की होणार."

सुनेनं डोळे पुसले आणि चहा आणते म्हणून गेली. भोंगा तसाच उभा. मग त्यानं सावकाश पिशवीतून पाटी काढली, खडू शोधला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बारीक अक्षरात, पाटीच्या एका कोपऱ्यात लिहिलं: 'बहुधा?' मी मान हलवली. नाही, म्हणालो, नक्की. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून असा ठाम, दोन्ही बाजूंनी बंद केलेला शब्द त्यानं ऐकला नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे खांदे हलू लागले, गळ्यावरचं कापड फडफडू लागलं, किती वेळ. बाकावरचे लोक पाहू लागले. हसता हसता त्यानं बाहीनं तो कोपरा पुसला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, जड, उबदार. जणू आत जाऊन मीच आजारी पडून आलो होतो. सून चहा घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, बाबा किती दिवसांनी असे हसले, काका, तुमचे फार उपकार झाले.

घरी बायकोनं विचारलं, बोललात ना नीट? मी म्हणालो, बोललो. तिनं आणखी विचारलं नाही; माझ्या पानात थोडं जास्त वाढलं, एवढंच. संध्याकाळी समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता आणि कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचं ते यांत्रिक पीं पीं, मागे कुणी उभं न राहता आपोआप होणारं, गल्लीभर ऐकू येत होतं. फोन वाजला. मी उचलला. अरुंद नळीतून येणारा तो श्वास. या वेळी मी 'हॅलो' म्हणालो नाही. ऐक, मी म्हणालो, अरे, मी त्यांना म्हटलं की तू दिसला नाहीस, पण तू दिसत नव्हतास कारण...

टक.

एकच. मी थांबलो. पलीकडे श्वास चालू होता, आत, बाहेर, आत. मी फोन कानाशी धरून तसाच उभा राहिलो, चाकं काठावर असल्यासारखा, आणि दुसऱ्या ठोक्याची वाट पाहू लागलो.